पेरासकट

आमच्या घराण्यात चोरीची पहिली नोंद माझ्या नावावर आहे. वय चव्वेचाळीस, व्यवसाय पतपेढीत रोखपाल, ठिकाण ठाणे, नणंदेची गॅलरी. एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या नोटा मोजल्या, एक रुपया इकडचा तिकडे झाला नाही. आणि त्या दिवशी नणंद चहा टाकायला आत गेल्याबरोबर मी तिच्या ग्रिलवरून लोंबणाऱ्या मनीप्लांटची तीन पानं खुडली आणि पर्समधल्या चष्म्याच्या घरात घातली. चष्मा हातात राहिला.

आदेश सासूबाईंचा होता. डोंबिवलीच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आल्यावर मी कोपऱ्यावरच्या नर्सरीतून साठ रुपयांचा मनीप्लांट आणला होता. सासूबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू मी होळीला हॉटेलातून पुरणपोळ्या आणल्या असाव्यात.

"विकतचा लागत नाही," त्या म्हणाल्या.

"बरं आई, मग कुणाकडून तरी मागून आणते."

"मागितलेला तर मुळीच नाही."

"मग?"

सासूबाई खिडकीबाहेर बघू लागल्या. "चोरावा लागतो."

भाजीवाल्याकडून चुकून जास्त आलेली कोथिंबिरीची जुडी परत द्यायला याच बाईंनी मला एकदा तीन जिने उतरायला लावलं होतं. पण मनीप्लांटचं प्रकरण वेगळं. देवाच्या पूजेसाठी शेजारच्यांच्या कुंपणातली जास्वंद तोडणं जसं चोरीत धरत नाहीत, तसंच हे. आणि नर्सरीतला तो साठ रुपयांचा वेल पंधरा दिवसांत खरोखरच गेला. तो का गेला ते मला पुढे दोन वर्षांनी कळलं, पण त्या वेळी सासूबाईंचं म्हणणं सिद्ध झालं आणि मी ठाण्याची गाडी पकडली.

या चोरीला एक शिष्टाचार आहे, तो मला तिथे समजला. चोरणाऱ्याने अंधाराची वाट बघायची नसते. ज्याचं चोरायचं त्याने स्वयंपाकघरात जायचं असतं. नणंद आत गेली ती गेलीच. दोन कप चहाला लागत नाहीत इतकी भांडी तिने वाजवली. मी पानं खुडली, पर्सची चेन लावली, चेहऱ्यावर मासिक वाचत असल्याचा भाव आणला, तेव्हा कुठे चहा बाहेर आला. निघताना दारात म्हणाली, "वहिनी, पर्स काखेत दाबू नका हं, चुरगळेल." तिनेही तो तिच्या जावेकडून असाच आणला होता.

घरी आल्यावर बाटलीचा शोध सुरू झाला. आमच्याकडे कुणी पीत नाही. तरीही नवऱ्याने स्टूल न घेता, फक्त टाचा उंचावून माळ्यावरून एक डौलदार तपकिरी बाटली काढली. ती कुठे आहे हे त्याला इतकं नेमकं कसं माहीत, हा प्रश्न मी पुढच्या भांडणासाठी राखून ठेवला. मनीप्लांटने महाराष्ट्रातल्या पिणाऱ्यांवर मोठे उपकार केले आहेत. एरवी जी बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून अंधार पडल्यावर बाहेर न्यावी लागली असती, ती दोन पानं खोचल्याबरोबर दिवाणखान्यात, गणपतीच्या फोटोशेजारी, मानाने उभी राहते. माझ्या लहानपणी चाळीत कुणाच्या खोलीत किती वेल आहेत त्यावरून कोण किती पितो याचा हिशेब बायका करत. शास्त्रानेही बाटलीच्याच बाजूने कौल दिलाय. तपकिरी काचेतून उजेड कमी जातो, म्हणून पाण्यात शेवाळ कमी धरतं.

माझी तीन पानं त्या बाटलीत दोन महिने उभी होती. हिरवीगार, टवटवीत, आणि जशीच्या तशी. देठांना खालून पांढरी मुळंसुद्धा फुटली. सासूबाई रोज सकाळी चष्मा लावून नवीन पान आलं का बघायच्या. आलं नाही. तिसऱ्या महिन्यात लेक सुट्टीला घरी आली. ती वनस्पतिशास्त्र शिकते, म्हणजे घरातल्या कुठल्याही भाजीला आता तिचं पूर्ण नाव सांगितल्याशिवाय फोडणीत पडता येत नाही. तिने बाटली उचलली, उजेडात धरली आणि डॉक्टर बाहेर येऊन नातेवाइकांना सांगतात तशा आवाजात म्हणाली, "आई, तू पेर आणलंच नाहीस."

पेर म्हणजे वेलाच्या दांड्यावरची गाठ. उसाला असतं तसंच. पान तिथून निघतं, मुळंही तिथूनच, आणि नवा फुटवा ज्या डोळ्यातून येतो तो डोळाही तिथेच बसलेला असतो. नुसतं पान देठासकट पाण्यात ठेवलं तर ते महिनोन् महिने जगेल, मुळंही धरेल, पण त्यातून वेल होणार नाही. "म्हणजे मुळं आहेत, पण पुढे वाढ नाही," मी म्हटलं. आमच्या पतपेढीतल्या काही ठेवी मला आठवल्या.

दुसरी चोरी दाताच्या दवाखान्यात केली. तिथे बसायच्या खोलीत छतापर्यंत गेलेला वेल होता, आणि माझं रूट कॅनल तीन फेऱ्यांत झालं होतं. बिल भरल्यावर मी दोन पेरांसकट वीतभर फांदी मोडून घेतली. याला मी चोरी म्हणत नाही. रोखपाल म्हणून सांगते, तो परतावा होता.

तो वेल मात्र लागला. इतका लागला, की दिवाळीपर्यंत त्याने गणपतीच्या फोटोला एक, शोकेसमधल्या ताजमहालाला दीड वळसा घातला. पाहुणे यायचे आणि कौतुकाने म्हणायचे, "काय करता हो याला?" आम्ही काहीच करत नव्हतो. हे मी लेखाच्या पुढच्या भागासाठी आताच अधोरेखित करून ठेवते. आम्ही काहीच करत नव्हतो तोवर तो उत्तम चालला होता.

पुढच्या वर्षी पावसाळ्यात पालिकेचा माणूस आला. हातात टॉर्च, गळ्यात ओळखपत्र. बेल वाजवून त्याने पहिलाच प्रश्न असा खालच्या आवाजात विचारला, की घरात कुणी फरारी आहे असं वाटावं. "ताई, मनीप्लांट आहे का घरात?" मी अभिमानाने बोट दाखवलं. त्याने वेल बाटलीतून उपसून बाजूला केला, आत टॉर्च मारला आणि मला बघायला बोलावलं. तपकिरी पाण्यात अळ्या वळवळत होत्या. डोकं खाली, शेपूट वर.

मग त्याने मला दारातच जी शिकवणी दिली, तिच्यापुढे माझी दहावीपर्यंतची जीवशास्त्राची वर्षं फुकट गेली असं म्हणायला हवं. डेंग्यूचा डास म्हणजे एडिस इजिप्ती, पायांवर पांढरे पट्टे असलेला. तो गटारात नाही, आपल्यासारख्याच स्वच्छ पाण्यात राहतो. चावतो दिवसा. मादी अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या भिंतीला चिकटवते. ती अंडी कोरडी पडली तरी काही महिने तग धरतात आणि पाणी वर आलं की फुटतात. अंड्यापासून उडणाऱ्या डासापर्यंत आठ-दहा दिवस पुरतात. "पाणी बदलतो आम्ही," मी म्हटलं. "पाणी बदलून काय होणार ताई? बाटली आतून घासता का?" घासणार कशी? चिंचोळ्या मानेच्या बाटलीत हात जाणार कुणाचा! अखेर मूठभर तांदूळ आणि पाणी घालून, अंगठ्याने तोंड दाबून, बाटली खळाखळा हलवायचा जुना उपाय त्यानेच सांगितला. दर आठवड्याला, न चुकता. शेवटी एका छापील कागदावर माझं नाव, मजला आणि "मनीप्लांट, १" असं लिहून सही घेतली. माझ्या नावावरची मालमत्ता सरकारदरबारी इतक्या नेमकेपणाने कधीच नोंदली गेली नव्हती.

दर आठवड्याला बाटली हलवायचा उत्साह तीन आठवडे टिकला. चौथ्या आठवड्यात आम्ही वेल मातीत लावला, आणि त्याच्या वाईट दिवसांना सुरुवात झाली.

बाटलीत असताना त्याला पाणी घालायचा प्रश्नच नव्हता. कुंडी आल्यावर घरातल्या प्रत्येकाला आपलं कर्तव्य आठवलं. सकाळी सहाला तुळशीला पाणी घातल्यावर तांब्यात जे उरे ते सासूबाई वेलाला घालत, कारण उरलेलं पाणी मोरीत ओतणं त्यांना पटत नाही. नऊला धुणंभांडीवाल्या मावशी तांदळाचं धुवण घालत, कारण त्यांच्या गावी सगळ्या झाडांना तेच घालतात आणि झाडं बघा कशी आहेत. रात्री नवरा जेवणानंतर पेल्यात उरलेलं पाणी ओतत असे, कारण कुंडी बेसिनपेक्षा जवळ आहे. आणि मी? मी घरातली एकमेव जबाबदार व्यक्ती असल्यामुळे नीट मोजून एक मग घालत असे. यातलं कुणीही दुसऱ्याला सांगत नव्हतं. आमच्या घरी एकमेकांना न सांगता फक्त चांगलीच कामं होतात, आणि नुकसान नेहमी त्यांतूनच होतं.

महिन्याभरात पानं पिवळी पडू लागली. यावर घरात चार स्वतंत्र निदानं झाली आणि चारही एकच होती: पाणी कमी पडतंय. प्रत्येकाने आपापला हप्ता वाढवला. शिवाय सासूबाईंनी चहाचा चोथा आणला, मावशींनी अंड्याची टरफलं. पानांना तकाकी यावी म्हणून कुणीतरी खोबरेल तेलाचा बोळा फिरवला. कुणी ते अजून बाहेर आलेलं नाही, पण दुसऱ्या दिवशी वेलाला मुंग्यांची रांग लागली आणि नवऱ्याच्या केसांना नेहमीचाच वास येत होता.

एका रविवारी मी वेल जरा ओढून बघितला, तर तो विनातक्रार अख्खा हातात आला. मुळं काळी, मऊ, बोटाने दाबली तर साल निसटून येईल अशी, आणि वास मोरीत विसरलेल्या फडक्याचा. लेकीला फोटो पाठवला. उलट टपाली उत्तर आलं: "बुडवून मारलात." मुळांनाही हवा लागते. मातीतल्या कणांमधल्या ज्या पोकळ्यांत हवा असायला हवी, तिथे कायम पाणी साचलं तर मुळं गुदमरतात, मग बुरशी येते आणि सडतात. सडलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून वर पानं सुकतात, आणि ते बघून घरातली मायाळू माणसं पुन्हा तांब्या घेऊन येतात. नर्सरीतला साठ रुपयांचा वेल आम्ही याच मायेने पंधरा दिवसांत संपवला होता. त्यात विकत घेण्याचा काही दोष नव्हता. सासूबाईंना हे मी अजून सांगितलेलं नाही.

वरचा धडधाकट भाग कापून, त्याचे चार पेरांचे दोन तुकडे करून, नवीन मातीत लावले. मातीत निम्मं कोकोपीट, थोडं गांडूळखत, आणि कुंडीच्या तळाला भोक आहे याची खात्री. (आधीच्या कुंडीचं भोक फरशी खराब होऊ नये म्हणून नवऱ्याने एम-सीलने बुजवलं होतं. हे तपासात नंतर निष्पन्न झालं.) पाण्याचा नियम लेकीने फोनवरून घालून दिला: बोटाची दोन पेरं मातीत खुपसायची, ओल लागली तर तांब्या ठेवून द्यायचा, कोरडं लागलं तरच घालायचं. बोटालाही पेर आणि वेलालाही पेर, हे मराठी भाषेने आधीच जुळवून ठेवलंय, आमचंच लक्ष नव्हतं. उन्हाळ्यात चार-पाच दिवसांनी पाणी लागतं. जुलैत, जेव्हा डोंबिवलीत टॉवेलसुद्धा तीन दिवस वाळत नाही, तेव्हा दहा दिवस त्याच्याकडे बघितलं नाही तरी चालतं. चुकून पाणी कमीच पडलं तर तो मान टाकतो, पानं मऊ पडतात. पण तांब्याभर पाणी दिलं की संध्याकाळपर्यंत पुन्हा उभा. वड्यांचा वास आल्यावर रुसलेलं पोर उठतं ना, तसा. जास्त पाण्याने गेलेला मात्र परत येत नाही.

घरात वटहुकूम निघाला: पाणी एकच व्यक्ती घालेल. ती कोण, यावर दोन दिवस चर्चा झाली. सासूबाईंनी तो हक्क घेतला आणि बाकीच्यांनी चोरून घालायला सुरुवात केली. चोरीची सवय एकदा लागली की लागते.

दोनपैकी एक कुंडी आम्ही टीव्हीच्या वर छताला टांगली. आणि मग सोसायटीत जे झालं त्याचं इतिवृत्त आजही उपलब्ध आहे.

पावसाळ्यातली एक सकाळ. नवऱ्याला टीव्हीवर चार थेंब पाणी दिसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा चार. तिसऱ्या दिवशी सहा. छताकडे बघून त्याने मान हलवली आणि ज्या एका शब्दावर मुंबई परिसरातल्या सोसायट्या उभ्या आणि आडव्या होतात तो शब्द उच्चारला: "लिकेज." वरच्या मजल्यावरच्या काकांच्या बाथरूमवर त्याचा आधीपासून डोळा होताच. काका म्हणाले, आमचं बाथरूम तुमच्या हॉलवर येतच नाही. नवरा म्हणाला, पाणी आपली वाट शोधतं. पत्र गेलं, उत्तर आलं, कमिटीची मीटिंग झाली. वॉटरप्रूफिंगचं कोटेशन मागवलं. प्लंबर येऊन छत ठोकून गेला आणि ठोकण्याचे तीनशे घेऊन गेला. छत खडखडीत कोरडं होतं, तरी रोज सकाळी टीव्हीवर थेंब हजर.

गणपतीला लेक आली. पहाटे पाणी प्यायला उठली आणि तिने टॉर्च पानावर मारला. प्रत्येक पानाच्या टोकाला एकेक टपोरा थेंब लोंबत होता. रात्री हवा दमट असली आणि मातीत पाणी भरपूर असलं की मुळं पाणी वर ढकलत राहतात, पण पानांतून ते वाफ होऊन जात नाही. मग पानाच्या टोकाशी असलेल्या बारीक छिद्रांतून ते थेंबाथेंबाने बाहेर येतं. ते काही दव नव्हे आणि वरच्या काकांचं बाथरूमही नव्हे. "याचा अर्थ एवढाच," लेक म्हणाली, "की अजून कुणीतरी जास्त पाणी घालतंय." हॉलमध्ये शांतता पसरली. मावशींनी फरशी पुसायला घेतली, नवऱ्याने पेपर वर धरला. वरच्या काकांकडे उकडीचे अकरा मोदक गेले. पत्र मात्र आम्ही मागे घेतलेलं नाही, कारण पाणी आपली वाट शोधतं, हे तत्त्व चुकीचं नाही.

दुसऱ्या कुंडीचा घोळ वास्तूचा. नणंदेने वाचलं होतं की मनीप्लांट आग्नेय दिशेला हवा. आमची आग्नेय दिशा कपाटामागे येते. तिथे ठेवला. दोन महिन्यांत पानांवरचे सोनेरी पट्टे फिकट होत गेले आणि नवी पानं सरसकट हिरवी येऊ लागली. सासूबाई हळहळल्या, "सोनं गेलं!" सोनेरी भागात हरितद्रव्य फारच थोडं असतं. अंधाऱ्या कोपऱ्यात वेलाला ती चैन परवडत नाही, म्हणून तो हिरवा भाग वाढवतो. मध्यमवर्गीय आहे तो. तंगी आली की आधी सोनं मोडतो. खिडकीपासून दोन हातांवर, थेट ऊन लागणार नाही पण वर्तमानपत्र वाचता येईल इतक्या उजेडात आणून ठेवल्यावर पुढच्या पानांवर पट्टे परत आले. पश्चिमेचं ऊन मात्र नको, पानं पापडासारखी भाजून निघतात.

पण वास्तूवाल्यांचं एक म्हणणं मी शिरसावंद्य मानते. ते म्हणतात, वेल वर चढला पाहिजे, खाली लोंबू नये, नाहीतर पैसा खाली जातो. पैशाचं मला माहीत नाही. मात्र हा वेल वर चढायला लागला की प्रत्येक नवीन पान आधीच्यापेक्षा मोठं येतं, आणि टांगून खाली सोडला की पानं लहान लहान होत जातात. जंगलात तो झाडावर चढणारा वेल आहे. पेरांतून निघणारी हवाई मुळं खोडाला धरून वर जाणं हाच त्याचा खरा संसार. गेल्या मे महिन्यात मालवणला मावशीच्या वाडीत गेले होते. फणसाच्या झाडावर एक वेल चढलेला. पानं सुपाएवढी, कडेपासून आत चिरत गेलेली, दांडा माझ्या मनगटाएवढा. मी मावशीला विचारलं, "हे कसलं गं जंगली झाड?" ती म्हणाली, "खुळी काय गो तू? तुमच्याकडे बाटलीत ठेवतात तोच तो." मी बराच वेळ वर बघत उभी राहिले. ऑफिसात बारा वर्षं खालमानेने चहा आणून देणारा शिपाई गावी गेल्यावर जत्रेत पालखीपुढे ढोल वाजवताना दिसावा, तसं झालं.

या वेलाचं मूळ गाव तर अजून लांब. ताहितीजवळचं मोरेआ नावाचं बेट, प्रशांत महासागरात. तिथून निघून तो जगभर पोचला; श्रीलंकेसारख्या ठिकाणी तर तो जंगलात शिरून इतर झाडांच्या डोक्यावर बसलाय. आपल्याकडे येऊन मात्र लोकांनी त्याच्याकडून पैशाची अपेक्षा ठेवली आणि त्याला बाटलीत घातलं. १८८० साली शास्त्रज्ञांनी त्याला पोथॉस म्हटलं, १९०८ साली सिंडाप्सस केलं, साठच्या दशकात आधी रॅफिडोफोरा आणि मग १९६४ साली एपिप्रेम्नम. ज्या बाईचं शाळेच्या दाखल्यावर एक नाव, लग्नपत्रिकेत दुसरं, आधारवर तिसरं आणि पॅनवर आधारशी न जुळणारं चौथं असतं, तिला याची व्यथा वेगळी सांगायला नको. मी पतपेढीत रोज अशा चार जणींची केवायसी करते. "ऑरियम" म्हणजे सोनेरी, हे आडनाव तेवढं प्रत्येक वेळी टिकलं. एका अर्थी तो अळूचा आणि सुरणाचा भाऊबंद आहे, एकाच कुळातला. तोच खाजरा गुण अंगात. म्हणून मांजर किंवा रांगतं मूल घरात असेल तर त्यांच्या तोंडाशी पान येऊ देऊ नये. आणि चिंच घातली तरी याचं फदफदं होत नाही, हे सासूबाईंच्या धाकट्या बहिणीला आम्ही वेळेवर सांगितलं.

नाव ठरायला इतकी वर्षं लागली, कारण झाडाची जात ओळखायची ती फुलावरून, आणि हा फुलतच नाही. आपणहून फुलल्याची शेवटची नोंद १९६४ची मानतात. २०१६ साली संशोधकांनी छडा लावला: जिबरेलिन नावाचं जे संप्रेरक फुलायला लागतं, ते बनवणारं एक जनुक याच्यात धड काम करत नाही. बाहेरून ते फवारलं तर फुलतो. फूल नाही म्हणजे फळ नाही, फळ नाही म्हणजे बी नाही. मग हा मोरेआहून डोंबिवलीपर्यंत आला कसा?

कुणीतरी फांदी मोडली. दुसऱ्याने तिच्यातली मोडली. तिसऱ्याने दुसऱ्याच्या गॅलरीतून पळवली. बी नसल्यामुळे प्रत्येक तुकडा म्हणजे तोच वेल, नवीन काही जन्मतच नाही. दाताच्या डॉक्टरांकडचा, नणंदेकडचा, तिच्या जावेकडचा, चाळीतल्या बाटल्यांतला, मावशीच्या फणसावरचा. सगळं एकाच वेलाचं कुटुंब आहे, किंवा खरं तर एकच वेल आहे, फक्त पत्ते वेगळे. म्हणजे मी नणंदेचा वेल चोरला असं म्हणताच येत नाही. मी हा युक्तिवाद सासूबाईंपुढे मांडला. त्या म्हणाल्या, "मग तर बरंच झालं, पुन्हा एकदा आण."

नवऱ्याने मध्येच एकदा बातमी आणली की हा वेल हवा शुद्ध करतो, नासाने सांगितलंय. १९८९ सालचा तो प्रयोग खरा आहे, पण बंद पेटीतला. पुढे २०१९मध्ये अशा सगळ्या प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला. त्यात निघालं, की घरात येणारी-जाणारी हवा जेवढं काम आपोआप करते तेवढं झाडांकडून करवून घ्यायचं तर एका चौरस मीटरला दहापासून हजारपर्यंत झाडं लागतील. आमचा हॉल बारा बाय दहा. मी कॅल्क्युलेटर काढला. कमीत कमी एकशे अकरा कुंड्या, आणि मग आम्ही जिन्यात राहायला जाणार. त्यापेक्षा खिडकी उघडी ठेवावी. खिडकीतून डोंबिवलीची हवा आत येते, पण त्याला वेलाचा इलाज नाही.

आता जमाखर्च. कुंड्या तीन, मॉस स्टिक एक, गांडूळखत, पिठ्या ढेकूण पडला तेव्हा कडुनिंबाचं तेल, प्लंबरचे तीनशे, अकरा मोदकांचं साहित्य: एकूण खर्च दोन हजार एकशे चाळीस. जमा: गेल्या दसऱ्याला कुंडी हलवताना खाली सापडलेलं पाच रुपयांचं नाणं एक. ते मावशींचं निघालं.

तरीही तिसरी कुंडी मी जिन्यात, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ठेवली आहे. तिथे उजेड बरा आहे, आणि पाणी घालायला कुणाला जवळ पडत नाही म्हणून ती सगळ्यांत छान वाढली आहे. काही आठवड्यांपासून तिची पानं कमी होऊ लागली आहेत. कोण घेतं ते मला माहीत नाही. सासूबाईंना मात्र अतोनात आनंद झालाय. ज्याच्या घरी पैसा दिसतो त्याच्याकडचाच मनीप्लांट लोक चोरतात, असं त्या मला दारातून जिन्याकडे बघत हळूच सांगतात. दुपारी दोन ते चार आम्ही दार लावून घेतो आणि स्वयंपाकघरात भांडी वाजवतो.

फक्त जे कोणी नेतंय त्यांना एक विनंती आहे. नुसती पानं खुडू नका, दोन महिने बाटलीपुढे बसून राहाल. दांड्यावर गाठ दिसते तिच्या बोटभर खाली मोडा. कात्री लागत नाही. पेरासकट न्या.